कर्णा मुका होतो तेव्हा

डिचोली तालुक्यातील सुर्ला गावात ज्याने जत्रेची नाटके पाहिली आहेत, त्याला दोन आवाज जन्मभर पुरतात. एक नांदीचा, आणि दुसरा, रंगलेल्या अंकाच्या मध्यावर कर्णा एकाएकी मुका झाला म्हणजे देवळासमोरच्या अंगणातून उठणाऱ्या दीर्घ ‘हाऽऽ’ या उद्गाराचा. पहिल्या आवाजाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याविषयी कोणी लिहिल्याचे स्मरत नाही. वस्तुतः त्या उद्गारानंतरच्या अर्ध्या मिनिटात नाटकमंडळींची खरी पारख होते, आणि त्या अर्ध्या मिनिटालाही एक इतिहास आहे. तो सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रस्तुत लेखकाने असे दोन प्रसंग सुर्ल्यातच पाहिले. पहिला चाळीसेक वर्षांपूर्वीचा. ऐतिहासिक नाटक, तिसरा अंक, दरबाराचा प्रवेश. लेखक विंगेत नाटकाचे पुस्तक धरून उभा होता. महाराजांचे काम करणारे गृहस्थ साठीच्या घरातले, दिवसा बागायत पाहणारे. त्यांच्या वाक्याच्या मध्यावर कर्णे बंद पडले. अंगणातून उद्गार उठला. गृहस्थ क्षणभर थांबले, सिंहासनावरून उठले, चार पावले पुढे आले, तोंड लोकांकडे केले आणि तेच वाक्य पहिल्यापासून, पण निम्म्या गतीने म्हणाले. पेटीवाल्याने काही न सांगता भाता जोरात ओढला. माईकवाल्याला दोष सापडेपर्यंत दहा मिनिटे गेली. एका प्लगमधला डाक सुटला होता. माईक पुन्हा सुरू झाला तेव्हा कित्येकांना तो उगाच मोठा वाटला.

दुसरा प्रसंग चार-पाच वर्षांपूर्वीचा. प्रत्येक पात्राच्या अंगावर स्वतंत्र बिनतारी माईक, अंगणाच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकर, मागे जनरेटर. जनरेटर बसला. रंगमंचावरील तरुण मंडळी विंगेकडे पाहू लागली, विंगेतील मंडळी मिक्सरकडे आणि मिक्सरवाला जनरेटरकडे. शेवटी पडदा पाडला. तो पुन्हा उघडला तेव्हा मागच्या रांगांतल्या बायका मुलांना उचलून घरी गेल्या होत्या. यात कोणाचा आळस नव्हता. साहित्य पहिल्या प्रसंगापेक्षा शतपटीने चांगले होते आणि तालमीही भरपूर झाल्या होत्या. एकच गोष्ट झाली नव्हती. आवाज गेला तर काय करायचे, हे कोणी कोणाला विचारले नव्हते.

रंगभूमीने हा प्रश्न फार जुन्या काळापासून विचारलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिल्या प्रयोगाची कथा आहे, आणि ती चक्क प्रयोग बंद पडण्याची आहे. दैत्यांच्या पराभवाचे नाटक चालू असता रुष्ट झालेल्या विघ्नांनी नटांची वाचा, हालचाल आणि स्मृती थिजवून टाकली. इंद्राने ध्वजाच्या दंडाने, म्हणजे जर्जराने, त्यांचा समाचार घेतला. पण तेवढ्यावर न थांबता ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतले. म्हणजे आपल्या परंपरेत नाट्यगृहाचा जन्मच बिघाडाच्या बंदोबस्तासाठी झाला. त्या नाट्यगृहाचे मध्यम माप चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे सांगून, याहून मोठे केल्यास उच्चारलेला पाठ विस्कटतो असा इशाराही दिला आहे. चौसष्ट हात म्हणजे सुमारे ९६ फूट. माईकशिवाय नाटक ऐकलेला कोणीही जाणकार हे माप आजही मान्य करील.

त्याच ग्रंथातील पूर्वरंगाची अंगे पाहण्याजोगी आहेत. पडद्याआड आधी वाद्ये जागच्या जागी मांडायची, ते प्रत्याहार. मग गायक-वादकांनी बसायचे, ते अवतरण. आरंभात गळा मोकळा करायचा, आश्रावणेत वाद्ये जुळवायची, परिघट्टनेत तारा पारखायच्या, आणि पुढे सर्वांनी मिळून वाजवून पाहायचे. हल्लीचा साउंडवाला संध्याकाळी पाच वाजता रिकाम्या अंगणासमोर ‘हॅलो, चेक’ म्हणत जे करतो ते याहून वेगळे काय आहे? नांदीचाही एक व्यावहारिक उपयोग त्याने शोधून काढलेला असतो. सर्व पात्रे एका ओळीत उभी राहून गातात तेवढ्या वेळात तो प्रत्येकाची पातळी ठरवून घेतो. नांदीकडे भक्तिभावाने पाहणाऱ्यांना हे रुचणार नाही; पण देवाचे काम आणि मिक्सरचे काम एकाच वेळी होत असेल तर हरकत कसली?

आता आपल्या भागाकडे वळू. डिचोली आणि सत्तरी हे मुलूख १७८० नंतरच्या काही वर्षांत आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले. ही नवी काबिजाद असल्यामुळे इथली देवळे, जत्रा आणि उत्सव टिकून राहिले, आणि घाटावरून किंवा वाडी-मालवणाकडून येऊन इथे स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांना नाटकासाठी अंगण मिळाले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि पुढच्या पिढ्यांत संगीत नाटकाचे वेड गावोगाव पसरले. ज्यांच्या माळ्यावर जुन्या नाटकांची पुस्तके अजून असतील त्यांनी ती एकदा उघडून पाहावीत. समासात पेन्सिलीने ‘इथे थांब’, ‘पुढे ये’, ‘पेटी’ असे शेरे आढळतात. त्यांतले काही अभिनयासाठी असतील, पण पुष्कळसे आवाज पोचावा म्हणूनच आहेत.

त्या काळी वीज नव्हती. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा बहुतेक खेड्यांत ती पोचलेली नव्हती. वीज खाते १९६३ साली निघाले. तेव्हा नाटकाचे मुख्य यंत्र म्हणजे पेट्रोमॅक्स. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या नावावरून ओळखला जाणारा हा दिवा विसाव्या शतकाच्या आरंभी निघाला, आणि कोकणातल्या रंगभूमीवर त्याचे उपकार मोठे आहेत. पण तो लहरी होता. त्याची जाळी एकदा जळली की तिची केवळ राख उरते, आणि प्रकाश देते ती ही राखच. पडदा ओढताना धक्का बसला की जाळी गेली. म्हणून जाणती मंडळी एक दिवा जास्तीचा पेटवून विंगेत ठेवत. पेटवून, हे महत्त्वाचे. न पेटवलेला दिवा हा राखीव दिवा नव्हे, कारण तो तापवून, हवा भरून उजेड द्यायला लावेपर्यंत नायिकेचे पद संपलेले असे. राखीव साधन तयार स्थितीत असावे लागते, हा धडा आपल्या पूर्वजांनी रॉकेलच्या वासात गिरवला. शिवाय पेट्रोमॅक्स सतत फुसफुसतो. त्या फुसफुशीच्या वर आवाज चढवण्याची सवय नटांना आपोआप लागली, हा अनपेक्षित फायदा.

वाद्यांची तयारीही अशीच. जत्रांचा हंगाम थंडीत सुरू होतो. मध्यरात्रीनंतर दंव पडू लागले की तबल्याची शाई आणि पुडी ओल धरते, आणि सूर उतरतो. त्याच सुरात लावलेला दुसरा तबला कापडात गुंडाळून उबेला ठेवणे हे तबलजीचे पहिले कर्तव्य. पेटी दुहेरी सुरांची घ्यावी, असा आग्रह असे; तो केवळ गोडव्यासाठी नव्हता. एका पट्टीखाली दोन पाती असल्या की एक अडकली तरी दुसरी बोलते. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला असा संच होता. आपण त्याकडे ऐश्वर्य म्हणून पाहतो, आणि ते होतेच. पण स्वर धरून ठेवणारी दोन वाद्ये गायकाच्या दोन्ही अंगांना असणे ही एक सोयही आहे. एक वाद्य चुकले तरी गायक निराधार होत नाही. तिसरी राखीव सोय म्हणजे प्रॉम्प्टर, नटाच्या स्मृतीचा दुसरा संच. (पुढे माईक आले तेव्हा याच प्रॉम्प्टरचे वाक्य नायकाच्या आधी गावभर पोचू लागले, ती गोष्ट निराळी.)

या सर्वांहून पक्की तयारी पेडण्याकडच्या दशावताराची. पेटाऱ्यातून काढलेला पोशाख, पायपेटी, पखवाज, झांज आणि रात्रभराचे आख्यान. लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले आणि संवाद तिथल्या तिथे. संगीत नाटकाचे अभिमानी याला कमी लेखत आले. परंतु बिघाडाच्या कसोटीला लावले तर हीच रंगभूमी सर्वांत सुरक्षित ठरते. दिवा गेला तर राक्षस अंधाराविषयी बोलू लागतो आणि प्रेक्षकांना तो कथेचाच भाग वाटतो. ठरलेली वाक्येच नसल्यामुळे वाक्य विसरण्याचे भय नाही. प्रसंग अडला की नटाने तो पुढे न्यायचा, हे त्याच्या शिक्षणातच आहे. आमच्या दरबारातले महाराज सिंहासनावरून उठून पुढे आले, ते कदाचित दशावतार पाहून मोठे झाल्यामुळेच.

मग कर्णा आला. आपल्या देशात तो आधी राजकीय सभांत आला; मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या नावाच्या कर्ण्यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांत हजारोंच्या समुदायापर्यंत पुढाऱ्यांचे शब्द नेले. दिल्लीच्या अहुजांचा व्यवसाय १९४० सालचा. त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर पुढे लग्न, जत्रा आणि निवडणूक यांचे अविभाज्य अंग झाले. या अ‍ॅम्प्लिफायरांच्या घडणीत एक शहाणपण होते, ते आज विसरले जात आहे. पाठीमागे विजेच्या वायरीशेजारी मोटारीची बॅटरी जोडण्याचे दोन स्क्रू असत. गावात वीज येवो, जावो, मुळीच नसो, १२ व्होल्टची बॅटरी जोडली की कर्णा बोलला. वीज हमखास जाणार हे गृहीत धरूनच ते यंत्र बनवले होते. कर्ण्यांची जोडणीही तशीच. १०० व्होल्टच्या लाइनवर सर्व कर्णे समांतर जोडलेले असत. माडावरचा एक कर्णा गेला तरी पिंपळावरचा चालू राहत असे.

रंगमंचावर सुरुवातीला वरून टांगलेले तीन-चार माईक असत, आणि दोन-तीन पुढच्या कडेला. त्यांनी नाटकाचे नुकसान केले, असे जुन्या दिग्दर्शकांचे म्हणणे. पात्रे माईकखाली येऊन उभी राहू लागली, आणि प्रेमाचा प्रवेश असो वा खुनाचा, तो त्याच तीन जागी घडू लागला. तक्रार रास्त आहे. तरीही राखीव सोयीच्या दृष्टीने ती रचना उत्तम होती. एक माईक गेला तर नट दोन पावले सरकून दुसऱ्याखाली जाई. आता अंगावरच्या माईकने नटाला मोकळीक दिली, पण प्रत्येक पात्राचा आवाज एका बारीक तारेवर, एका प्रेषकावर आणि दोन लहान सेलांवर टांगला. घामाने तार ओली झाली, झटापटीत ती ओढली गेली, सेल संपले, की ते पात्र तेवढे मुके होते आणि समोरचा शत्रू मात्र गडगडत राहतो. हा देखावा संपूर्ण शांततेपेक्षा वाईट.

आमच्या भागात एक माईकवाले आहेत. त्यांच्या मागे बसून मी बऱ्याच रात्री काढल्या. त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. अंगावरचे माईक दिले तरी पुढच्या कडेचे दोन माईक ते कधीच काढत नाहीत, फक्त मिक्सरवर हळू ठेवतात. पात्राचा माईक गेला की ते वाढवतात. आवाज पातळ येतो, पण येतो. विंगेत हातात धरायचा एक साधा माईक दोरीने बांधलेला असतो. तो विजेशिवाय, केवळ चुंबक आणि वेटोळ्यावर चालणाऱ्या जातीचा. शुअर कंपनीचा १९६६ सालापासूनचा एसएम ५८ हा याच जातीचा, आणि जगभरचे गायक त्याला सोडायला तयार नाहीत. नाजूक कंडेन्सर माईकला मिक्सरकडून ४८ व्होल्ट पुरवावे लागतात. मिक्सर डळमळला की तो आधी मरतो. सेल प्रत्येक प्रयोगाला नवे, आणि काढलेले सेल नव्यांच्या डब्यात कधीही टाकायचे नाहीत. या शेवटच्या नियमासाठी त्यांनी मुलाला एकदा सर्वांसमोर बोल लावलेले मी पाहिले.

वीज घेताना ते सर्वांत आधी न्यूट्रल तपासतात. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रलची तार सुटली तर २३० व्होल्टच्या उपकरणावर ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो, आणि मग अडचण आवाज जाण्याची न राहता सारे साहित्य जळण्याची होते. जत्रेत मिठाईची दुकाने, फुगेवाले, पाळणा आणि नाटक एकाच घाईच्या जोडणीवर असतात, तिथे हे भय खरे आहे. नव्या डिजिटल मिक्सरचे त्यांना कौतुक आहे आणि संशयही. जुना मिक्सर वीज परत येताच बोलू लागे. नवा हा संगणकच, त्याला जागे व्हायला वेळ लागतो. म्हणून स्पीकर बंद पडले तरी चालतील, पण मिक्सर आणि बिनतारी माईकचे ग्राहक हे यूपीएसवर हवेतच. बिघाड झाला की ते इकडेतिकडे हात मारत नाहीत. मिक्सरवरचा दिवा पात्र बोलताना हलतो का, एवढेच पाहतात. हलत असेल तर दोष पुढे, स्पीकरकडे. हलत नसेल तर मागे, माईककडे. अर्धा मार्ग एका नजरेत निर्दोष ठरला. मग उरलेल्याचा अर्धा. तारांच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची पट्टी असते, कारण अंधारात वीस काळ्या तारांमधून एक शोधणे हा शोध नव्हे, नवस आहे, असे ते म्हणतात.

एवढे करूनही दगा होतोच, आणि तो केवळ खेड्यात होतो असे नाही. २३ सप्टेंबर १९७६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात अध्यक्ष फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी कार्टर यांचा जाहीर वादविवाद चालू होता. जागा वॉलनट स्ट्रीट थिएटर, त्या देशातील फार जुन्या नाट्यगृहांपैकी एक. कोट्यवधी लोक दूरदर्शन संचासमोर बसलेले. कार्टर बोलत असता आवाज गेला. एका अ‍ॅम्प्लिफायरमधला किरकोळ किमतीचा कपॅसिटर निकामी झाला होता. दुरुस्तीला २७ मिनिटे लागली, आणि तेवढा वेळ जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा अध्यक्ष आणि भावी अध्यक्ष आपापल्या टेबलामागे पुतळ्यांसारखे उभे राहिले. एकमेकांशी बोललेही नाहीत. त्या रात्री आवाजाचा मार्ग एकच होता. दुसरा मार्ग ठेवला पाहिजे हे कोणाला सुचले नव्हते. सुर्ल्याची आमची तरुण मंडळी विंगेकडे पाहत उभी राहिली, ती अगदी थोरामोठ्यांच्या पंक्तीत बसली म्हणायची.

आमचे महाराज मात्र त्या पंक्तीत बसले नसते. त्यांची राखीव सोय त्यांच्या गळ्यात होती, आणि ती तालमीने आलेली होती. उघड्या अंगणात अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. नटाने पाठ फिरवली तर व्यंजने आधी हरवतात आणि नुसते स्वर मागे पोचतात. जुने नट ओरडत होते हा गैरसमज आहे. ते तोंड समोर ठेवत, शेवटचे अक्षर गिळत नसत आणि वाक्याची गती अंगणाच्या लांबीवर ठरवत. हे शिकवता येते, आणि न शिकवल्यास एका पिढीत नाहीसे होते. माईकने आम्हाला हळुवार अभिनय दिला, हे मी नाकारत नाही. कुजबुजून म्हटलेले वाक्य शेवटच्या रांगेला ऐकू येणे ही मोठी देणगी आहे. पण आपण ती दुसऱ्या देणगीच्या बदल्यात घेतली. दोन्ही ठेवता आल्या असत्या.

आता या विषयाला एक निकडीची बाजूही आली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम १४ फेब्रुवारी २००० पासून अमलात आले. बंदिस्त सभागृह सोडून रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत कर्णा लावता येत नाही. राज्य सरकारला सण-उत्सवांसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या निर्बंधांना बळकटी दिली, आणि २०१० च्या दुरुस्तीने त्यांत वाद्यांचाही उल्लेख आला. मानवी गळ्याचा उल्लेख अद्याप कोठे नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून रात्र काढलेल्या कोणालाही या नियमाचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. परंतु पालखी फिरून आल्यावर, मध्यरात्र उलटल्यावर पडदा उघडण्याची आपली रीत आणि हा नियम यांचा मेळ बसत नाही. प्रयोग संध्याकाळी आणणे हा एक उपाय झाला. पण घड्याळ बाराच्या पुढे गेले आणि चौथा अंक बाकी असला, तर बिघाड न होताही कर्णा मुका करावा लागणार. ही आगाऊ तारीख-वेळ देऊन येणारी आपत्ती आहे, आणि तिच्यासाठीही तयारी नसेल तर दोष यंत्राचा म्हणता येणार नाही.

म्हणून गेल्या हंगामात आमच्या मंडळींनी एक प्रयोग केला. जत्रेच्या आधी तीन रात्री तालीम देवळाच्या अंगणातच, माईक पेटीत बंद ठेवून घेतली. कर्णा गेल्यास कोणी पुढे यायचे, पेटीने कोणता सूर धरायचा, गर्दीच्या प्रवेशात कोणी गप्प बसायचे, हे पात्रागणिक ठरवले. माईकवाले स्वतः येऊन बसले आणि प्रेक्षकांची शेवटची रांग जिथे येते तिथे त्यांनी एक खुर्ची ठेवली. त्या खुर्चीवर ते जुने महाराज बसले. वय आता शंभरीकडे झुकलेले, कानही थोडे मंद झालेले. ऐकू आले नाही की त्यांनी हात वर करायचा, एवढेच त्यांचे काम. पहिल्या रात्री त्यांचा हात जवळजवळ वरच होता. दुसऱ्या रात्री ते मधूनमधून मान डोलावू लागले. तिसऱ्या रात्री हात दोनदाच वर गेला, आणि दोन्ही वेळा तो माझ्या पुतण्याच्या वाक्याला होता. तो अजूनही शेवटचे अक्षर गिळतो.